यंत्राच्या पोटातले यंत्र

संगणक सुरू होताच त्याच्या सर्व अवयवांचा ताबा घेणारी, मेमरी, डिस्क, कीबोर्ड आणि पडदा यांची वाटणी करणारी आणि इतर आज्ञावल्यांना त्यांच्या मर्यादेत ठेवणारी मूळ आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. आपल्या खाली फक्त यंत्र आहे आणि आपल्या वर कोणी अधिकारी नाही, या गृहीतावर तिची सारी रचना उभी असते. हे गृहीत खोटे पाडून, पण त्याचा पत्ता तिला लागू न देता, तिला दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीच्या अंमलाखाली चालवण्याची जी रीत आहे तिला आभासी यंत्र, किंवा रूढ शब्दांत व्हर्च्युअल मशीन, म्हणतात. विंडोजच्या एका चौकटीत लिनक्स उघडलेले पाहताना ही रीत अलीकडची वाटते. वस्तुतः ती सहा दशकांपूर्वीची आहे आणि तिच्या इतिहासाचे दोन स्पष्ट खंड पडतात. यंत्रे थोडी आणि अतोनात महाग होती तेव्हा ती जन्माला आली, आणि यंत्रे उदंड होऊन रिकामी बसू लागली तेव्हा ती परतली. मधल्या काळात ती मागे पडली याचे कारण तिच्यातील उणिवेत नसून यंत्रांच्या किमतीत शोधावे लागते.

जुन्या यंत्राचे काम नव्या यंत्रावर चालवण्याची निकड मात्र याहूनही आधीची आहे. आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली, तेव्हा लहान यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली त्याच मालिकेतील मोठ्या यंत्रावरही चालेल असे वचन तिने दिले. परंतु त्यापूर्वीच्या यंत्रांशी या मालिकेचे काहीच जुळत नव्हते, आणि १९५९ मध्ये जाहीर झालेल्या १४०१ या यंत्राचे हजारो ग्राहक आपले पगारपत्रक व हिशेब पुन्हा लिहून घ्यायला तयार नव्हते. म्हणून नव्या मालिकेतील काही यंत्रांच्या अंतर्गत सूक्ष्म-आज्ञांमध्येच १४०१ ची नक्कल करण्याची सोय बसवण्यात आली. या प्रकाराला अनुकरण, अर्थात इम्युलेशन, म्हणतात: परक्या यंत्राची प्रत्येक आज्ञा वाचायची, तिचा अर्थ लावायचा आणि आपल्या भाषेत ती पार पाडायची. आभासी यंत्र याहून वेगळे असते, कारण तेथे पाहुण्या आज्ञावलीची भाषा आणि खऱ्या यंत्राची भाषा एकच असते, त्यामुळे बहुतेक आज्ञा मध्यस्थाशिवाय थेट प्रोसेसरवर धावतात आणि हस्तक्षेप फक्त निवडक प्रसंगी करावा लागतो. वेगातील सारा फरक या एका भेदातून येतो, आणि पुढील इतिहासात हा भेद वारंवार निर्णायक ठरतो.

त्या काळी संगणक वापरण्याची रीत गठ्ठ्याची होती. वापरणाऱ्याने पंचकार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यावा, कर्मचाऱ्याने तो इतर गठ्ठ्यांसह यंत्राला चारावा आणि काही तासांनी, प्रसंगी दुसऱ्या दिवशी, छापील निकाल परत मिळावा; मग एखाद्या स्वल्पविरामाची चूक निघाली तर हा सारा फेरा पुन्हा करावा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, फर्नांडो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली सीटीएसएस ही प्रणाली तयार झाली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये तिचे पहिले प्रात्यक्षिक झाले. एकाच यंत्राचा वेळ सेकंदाच्या लहान तुकड्यांत अनेकांना वाटून द्यायचा, जेणेकरून टंकयंत्रासमोर बसलेल्या प्रत्येकाला यंत्र आपल्याच सेवेत असल्याचा भास व्हावा, हे तिचे तत्त्व होते. याला कालविभाजन म्हणतात. आभासी यंत्राची कल्पना याच मुशीतून निघाली, पण तिला चालना मिळाली ती एका व्यापारी पराभवातून.

एमआयटीने आपल्या पुढील मोठ्या प्रकल्पासाठी, म्हणजे मल्टिक्ससाठी, यंत्र निवडताना आयबीएमला डावलून जनरल इलेक्ट्रिकला पसंती दिली. सिस्टिम/३६० मध्ये पत्ता-रूपांतराची सोय नव्हती, हे त्याचे मोठे कारण होते. आज्ञावलीने मागितलेला मेमरीतील पत्ता ऐनवेळी दुसऱ्या खऱ्या पत्त्याकडे वळवणे म्हणजे पत्ता-रूपांतर. ते नसेल तर अनेकांच्या आज्ञावल्या एकाच मेमरीत परस्परांना धक्का न लावता ठेवणे फार अवघड होते. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे आयबीएमने १९६४ च्या आरंभी नॉर्मन रासमुसेन यांच्या हाताखाली एक वैज्ञानिक केंद्र उघडले होते आणि ते ज्या इमारतीत होते त्याच इमारतीत एमआयटीचा कालविभाजनाचा प्रकल्पही होता. त्या प्रकल्पाचा अनुभव घेतलेले रॉबर्ट क्रीझी या केंद्रात दाखल झाले, आणि १९६४ च्या अखेरीस त्यांनी व लेस कोमो यांनी सीपी-४० या प्रणालीचा आराखडा मांडला. कंपनीची अधिकृत कालविभाजन प्रणाली अन्यत्र, फार मोठ्या मनुष्यबळावर उभी राहत होती. केंब्रिजचे काम हा मुख्यालयाच्या नजरेआड चाललेला एक लहान प्रयोग होता, आणि तो लहान होता म्हणूनच त्याला साधेपणा परवडला असे मानण्यास जागा आहे.

क्रीझी आणि कोमो यांच्या आराखड्यातील मर्माची गोष्ट श्रमविभागणीची होती. त्या काळातील कालविभाजन प्रणाली दोन कामे एकत्र करीत: यंत्राची वाटणी अनेकांत करणे आणि प्रत्येकाला फायली, संपादन, भाषांतरक अशा सोयी पुरवणे. केंब्रिजच्या मंडळींनी ही कामे तोडून दोन वेगळ्या आज्ञावल्यांकडे दिली. सीपी, म्हणजे नियंत्रण-आज्ञावली, फक्त वाटणी करी. मात्र ती वाटणी फायलींची किंवा सोयींची नव्हती, तर सिस्टिम/३६० या संपूर्ण यंत्राचीच होती. प्रत्येक वापरकर्त्याला तिच्याकडून स्वतंत्र मेमरी, स्वतंत्र डिस्क, स्वतंत्र कार्ड-वाचक आणि स्वतंत्र नियंत्रण-फलक असलेले एक अख्खे ३६० मिळे, जे प्रत्यक्षात कोठेही नव्हते. त्या आभासी यंत्रावर मग सीएमएस ही अगदी साधी, एकाच माणसापुरती लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम चाले. शेजारी दुसरे कोणी आहे याची तिला कल्पना नसल्याने तिच्यात संरक्षणाची व वाटणीची गुंतागुंत घालावीच लागली नाही. पाहिजे तर त्याच जागी मोठी, व्यापारी ऑपरेटिंग सिस्टिमही चढवता येई, आणि तिलाही काही वेगळे जाणवत नसे.

हा भास निर्माण कसा होई, हे समजण्यासाठी प्रोसेसरच्या दोन अवस्था लक्षात घ्याव्या लागतात. सिस्टिम/३६० मध्ये सामान्य आज्ञावली एका मर्यादित अवस्थेत चाले, तर ऑपरेटिंग सिस्टिम पर्यवेक्षक अवस्थेत चाले, आणि डिस्कला हुकूम देणे किंवा यंत्राची स्थिती बदलणे अशा विशेषाधिकाराच्या आज्ञा फक्त या दुसऱ्या अवस्थेत मान्य होत. सीपीने पर्यवेक्षक अवस्था स्वतःकडे ठेवली आणि पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमला सामान्य अवस्थेत बसवले. पाहुणी बेरीज-वजाबाकी करी तोपर्यंत प्रोसेसर तिचे काम पूर्ण वेगाने करी. पण तिने विशेषाधिकाराची आज्ञा उच्चारताच प्रोसेसर तेथेच थांबून सीपीला जागे करी, सीपी ती आज्ञा तपासून तिचा परिणाम आभासी यंत्रापुरता घडवून आणी, आणि काहीच न घडल्यासारखे काम पुढे चालू होई. पकडणे आणि नक्कल करणे ही दोन पावलांची पद्धत आजही आभासी यंत्राचा कणा आहे. सीपी-४० साठी ३६० मालिकेच्या ४० क्रमांकाच्या यंत्रात पत्ता-रूपांतराची खास पेटी बसवण्यात आली, आणि जानेवारी १९६७ पासून ही प्रणाली नियमित वापरात आली. तिच्यावर १४ पर्यंत आभासी यंत्रे चालत आणि प्रत्येकाला २५६ के मेमरी असल्याचे भासे.

या आभासी यंत्रांतील संसार मोठा चमत्कारिक होता. एका खऱ्या डिस्कचे लहान भाग पाडून प्रत्येक वापरकर्त्याला एकेक ‘लघुडिस्क’ दिली जाई, जिला तो पूर्ण डिस्कच समजे. कार्डांचा वापर तर कार्डांशिवाय होऊ लागला: एका वापरकर्त्याने आपल्या आभासी पंच-यंत्रावर फाईल ‘छेदली’ की ती दुसऱ्याच्या आभासी कार्ड-वाचकात जाऊन पडे, आणि अशा रीतीने कधीही अस्तित्वात न आलेल्या पंचकार्डांवरून माणसे एकमेकांना फायली व निरोप पाठवू लागली. पुढे केंब्रिजच्याच एडसन हेंड्रिक्स यांनी ही देवाणघेवाण दूरच्या यंत्रांपर्यंत नेणारी व्यवस्था उभारली आणि आयबीएमचे अंतर्गत जाळे तिच्यावर वाढले. विद्यापीठांना जोडणारे बिटनेट १९८१ मध्ये सुरू झाले तेही याच व्यवस्थेच्या आधारे.

पत्ता-रूपांतराची सोय मुळातच असलेले ६७ क्रमांकाचे यंत्र आयबीएमने १९६५ मध्ये जाहीर केले होते आणि त्यासाठी टीएसएस ही अधिकृत कालविभाजन प्रणाली घडत होती. ती रेंगाळली, अडखळली आणि आली तेव्हा फार संथ निघाली. केंब्रिजच्या लोकांनी आपली प्रणाली त्या यंत्रावर नेऊन तिला सीपी-६७ असे नाव दिले, आणि एमआयटीच्याच लिंकन प्रयोगशाळेने ती १९६७ मध्ये स्वीकारली. पुढील वर्षी आयबीएमने ती इतर ग्राहकांनाही खुली केली, पण हमी किंवा सेवेची जबाबदारी न घेता. असे असूनही नॅशनल सीएसएस व इंटरॅक्टिव्ह डेटा कॉर्पोरेशन या कंपन्यांनी हीच प्रणाली घेऊन संगणकाचा वेळ तासांच्या हिशेबाने विकण्याचा व्यवसाय उभारला. स्वतःचे यंत्र विकत न घेता दूरच्या यंत्राचा तुकडा भाड्याने घेण्याचा जो व्यवहार आज ‘क्लाउड’ या नावाने मिरवतो, त्याची ही एक आरंभीची आवृत्ती आभासी यंत्रांवरच उभी होती.

सीपी-६७ चा सर्वांत विलक्षण उपयोग मात्र आयबीएमने घरातच केला. सिस्टिम/३७० या पुढील मालिकेत पत्ता-रूपांतर येणार होते. त्याची आज्ञावली लिहायची होती, पण यंत्र अजून तयार नव्हते. अभियंत्यांनी सीपी-६७ मध्ये असे बदल केले की ती ३६० ऐवजी येऊ घातलेल्या ३७० चा भास निर्माण करील, आणि त्या भासावर चालणारी ३७० ची नियंत्रण-आज्ञावलीही लिहिली. अडचण अशी की केंब्रिजचे यंत्र आसपासच्या विद्यापीठांतील विद्यार्थीही वापरीत आणि नवी सोय तोवर गुप्त राखायची होती. त्यामुळे बदललेली सीपी खऱ्या यंत्रावर न चढवता एका आभासी ६७ च्या आत चढवली गेली. सर्वांत खाली खरे ६७, त्यावर नेहमीची सीपी, तिच्या एका आभासी यंत्रात ३७० चा भास घडवणारी सीपी, त्या भासावर ३७० साठीची सीपी आणि तिच्यावर सीएमएस, अशी ही उतरंड होती. जे यंत्र अजून जन्मले नव्हते त्याची आज्ञावली त्यावर चालवून तपासली जात होती. गुप्ततेसाठी आभासी यंत्राची भिंत पुरेशी आहे, हा विश्वास त्या काळात इतका दृढ होता याचीही येथे नोंद घेतली पाहिजे, कारण पुढे त्याच भिंतीला चिरा पडल्या.

२ ऑगस्ट १९७२ रोजी ३७० मालिकेतील पत्ता-रूपांतराबरोबरच व्हीएम/३७० हे अधिकृत उत्पादन म्हणून जाहीर झाले. ग्राहकांना त्यातील सर्वांत उपयुक्त बाब वाटली ती स्थलांतराची. जुन्या, लहान ऑपरेटिंग सिस्टिमवरून नव्या, मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जाताना कित्येक महिने दोन्ही चालू ठेवाव्या लागत. पूर्वी त्यासाठी रात्रीच्या वेळी सारे यंत्र बंद करून दुसरी प्रणाली चढवावी लागे, आता दोन्ही शेजारी शेजारी दिवसाढवळ्या चालू लागल्या. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी या व्यवहाराला गणिती पाया दिला. आभासी यंत्रात आज्ञावलीचे वर्तन खऱ्या यंत्रावरील वर्तनासारखेच असावे, साधनांवर नियंत्रकाचा, म्हणजे आभासी यंत्रे चालवणाऱ्या आज्ञावलीचा, पूर्ण ताबा असावा आणि बहुतेक आज्ञा नियंत्रकाला न उठवता चालाव्यात, असे तीन निकष त्यांनी मांडले, आणि एखाद्या प्रोसेसरवर हे कधी शक्य होते याची कसोटीही दिली: यंत्राची स्थिती बदलणारी किंवा ती उघड करणारी प्रत्येक आज्ञा सामान्य अवस्थेत उच्चारली असता पकडली गेली पाहिजे. एक जरी आज्ञा निसटली तरी भास फुटतो. त्या काळातील पीडीपी-१० हे लोकप्रिय यंत्र एका आज्ञेपायी या कसोटीत नापास होत असल्याचे त्यांनी दाखवले.

आयबीएमचे या अपत्याशी नाते सावत्रपणाचेच राहिले. मुख्य व्यापारी प्रणाली एमव्हीएस ही कंपनीची लाडकी होती आणि व्हीएम तिच्या वाट्याचे ग्राहक खाते अशी भावना होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्लिंग्टन येथील व्हीएमचा गट मोडून लोकांना पकिप्सी येथे एमव्हीएसच्या कामावर जाण्यास सांगण्यात आले, तेव्हा अनेकांनी स्थलांतराऐवजी डिजिटल इक्विपमेंट या प्रतिस्पर्धी कंपनीचा रस्ता धरला. तरीही प्रणाली तगली, कारण तिचा मूळ आज्ञासंच, म्हणजे सोर्स कोड, ग्राहकांच्या हाती होता आणि ते त्यात सुधारणा करून आपसांत वाटून घेत; १९८३ मध्ये आयबीएमने यापुढे मूळ संच न देण्याचे धोरण जाहीर केले तेव्हा याच ग्राहकांनी मोठा विरोध केला. सीएमएसवर चालणारी प्रॉफ्स ही पत्रव्यवहाराची व्यवस्था १९८० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातही होती, आणि इराणला गुपचूप शस्त्रे विकल्याच्या इराण-कॉन्ट्रा प्रकरणात तेथील अधिकारी ऑलिव्हर नॉर्थ यांनी आपल्या बाजूने पुसून टाकलेले निरोप तिच्या राखीव प्रतींतून चौकशीसमोर आले. आपल्या नावे असलेल्या आभासी यंत्रातून पुसलेली गोष्ट खऱ्या यंत्रावर शिल्लक असू शकते, याची जाणीव अनेकांना तेव्हा प्रथमच झाली असावी.

भारतात या परंपरेची मुळे रुजलीच नाहीत, आणि त्याचे कारण तांत्रिक नव्हते. पाश्चात्त्य बाजारातून निवृत्त झालेली १४०१ यंत्रे आयबीएम येथे दुरुस्त करून भाड्याने देत असे; परकीय चलन नियमन कायद्यान्वये मालकीतील परकीय वाटा ४० टक्क्यांवर आणण्याचा आग्रह सरकारने धरला तेव्हा कंपनीने तो अमान्य केला आणि १९७८ मध्ये देश सोडला. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ पासून सीडीसी कंपनीचे ३६०० हे यंत्र होते, पवईच्या आयआयटीत सोव्हिएत बनावटीचे मिन्स्क होते, आणि १९७० च्या दशकात आकाराला आलेल्या मुंबईच्या सॉफ्टवेअर व्यवसायाचा एक महत्त्वाचा धागा बरोज कंपनीच्या यंत्रांशी जुळलेला होता. व्हीएम/३७० ज्या वर्षांत अमेरिकेत व युरोपात पसरले त्या वर्षांत येथील अभियंत्यांची पिढी वेगळ्या यंत्रांवर घडत होती.

पुढे यंत्रांच्या किमती कोसळल्या. एका माणसाला एक अख्खे यंत्र मिळाल्याचा भास करून देण्यासाठी जी कल्पना जन्मली होती, तिची गरज एका माणसाला खरोखरच एक यंत्र परवडू लागताच उरली नाही. व्यक्तिगत संगणकाच्या प्रोसेसरची रचना करताना तर पोपेक आणि गोल्डबर्ग यांची कसोटी कोणाच्या ध्यानीमनी नसावी. इंटेलने १९८५ च्या ८०३८६ या प्रोसेसरात जुन्या ८०८६ चा भास देणारी एक खास अवस्था घातली, आणि तिच्या आधारे विंडोज/३८६ ने १९८७ मध्ये डॉसच्या अनेक आज्ञावल्या एकत्र चालवून दाखवल्या. परंतु ८०३८६ च्या आत संपूर्ण ८०३८६ चा भास मात्र होऊ शकत नव्हता. पुढे या घराण्याच्या प्रोसेसरांची पद्धतशीर तपासणी होऊन २००० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा कसोटी मोडणाऱ्या १७ आज्ञा आढळल्या. त्यांतील काही मोठ्या खोडसाळ होत्या. उदाहरणार्थ, खुणांचा संच स्टॅकवरून परत घेणारी पॉपएफ ही आज्ञा पर्यवेक्षक अवस्थेत यंत्राच्या व्यत्ययांची खूण बदलते, पण सामान्य अवस्थेत उच्चारली तर प्रोसेसर ती खूण तशीच ठेवून गुपचूप पुढे जातो. अर्ज मंजूरही नाही, नामंजूरही नाही, केवळ परस्पर दप्तरजमा. पाहुणी ऑपरेटिंग सिस्टिम समजते की आपला हुकूम पाळला गेला, आणि नियंत्रकाला काही झाल्याचे कळतच नाही.

या प्रोसेसरांवर आभासी यंत्र अशक्य आहे असा समज त्यामुळे रूढ झाला होता, आणि तो मोडण्याचे श्रेय स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका गटाकडे जाते. मेंडेल रोझेनब्लम, एदुआर बुनियों आणि स्कॉट डिव्हाइन यांनी १९९७ मध्ये डिस्को नावाचा नियंत्रक सादर केला. अनेक प्रोसेसरांच्या भल्यामोठ्या यंत्रासाठी नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्यापेक्षा त्या यंत्राचे आभासी तुकडे पाडून प्रत्येकावर प्रचलित ऑपरेटिंग सिस्टिम चालवावी, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि १९७० च्या दशकातील एका विस्मृत गोष्टीचे हे पुनरुज्जीवन आहे हे त्यांनी नावापासूनच सुचवले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी डायन ग्रीन व एडवर्ड वँग यांच्यासह व्हीएमवेअर ही कंपनी स्थापली, आणि मे १९९९ मध्ये तिचे पहिले उत्पादन बाजारात आले.

निसटणाऱ्या आज्ञांवर त्यांनी काढलेला तोडगा द्विमान भाषांतराचा होता. पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील आज्ञा थेट प्रोसेसरला न देता नियंत्रक त्यांचे लहान लहान तुकडे आधी वाची, निरुपद्रवी आज्ञा जशाच्या तशा ठेवी, धोकादायक आज्ञांच्या जागी स्वतःच्या आज्ञा घाली आणि तयार झालेला तुकडा साठवून ठेवी, म्हणजे तोच पुन्हा लागला तर भाषांतराचा खर्च पडू नये. सामान्य आज्ञावल्या मात्र विनाभाषांतर, पूर्ण वेगाने चालत. अनुकरण आणि आभासी यंत्र यांच्यामधली ही वाट होती, आणि ती ज्या बारकाईने बांधली गेली त्याला तोड नाही: नियंत्रक स्वतः पाहुणीच्याच पत्त्यांच्या अवकाशात एका कोपऱ्यात लपून बसे आणि प्रोसेसरच्या, इतरांनी जवळजवळ टाकून दिलेल्या, मेमरी-खंडांच्या मर्यादा वापरून पाहुणीला तो कोपरा दिसू देत नसे. डिस्क, नेटवर्क, पडदा अशा असंख्य बनावटींच्या उपकरणांशी बोलण्याचे काम त्यांनी यजमान ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवले. विंडोज वा लिनक्स यजमान म्हणून आधीच चालू असावी, व्हीएमवेअरने तिच्याशी आलटूनपालटून प्रोसेसर वाटून घ्यावा, आणि पाहुणीची सारी डिस्क यजमानाच्या एका फाईलमध्ये मावावी, अशी ही मांडणी होती. केंब्रिजच्या लघुडिस्कचेच हे वंशज. फरक इतकाच की ही डिस्क आता उचलून दुसऱ्या संगणकावर नेता येऊ लागली, तिची प्रत काढता येऊ लागली, आणि बिघडली तर कालच्या अवस्थेत परत आणता येऊ लागली.

प्रारंभी हे उत्पादन प्रोग्रामर व परीक्षक यांच्यापुरते होते. पैसा सर्व्हरांच्या खोल्यांत होता. एका सर्व्हरवर एकच काम ठेवण्याची शिस्त कंपन्यांनी सुरक्षिततेसाठी पाळली होती, आणि तिच्यापायी खोल्याच्या खोल्या बहुतांश वेळ रिकाम्या बसलेल्या यंत्रांनी भरल्या होत्या; २००१ मध्ये आलेल्या ईएसएक्स या नियंत्रकाने यजमान ऑपरेटिंग सिस्टिम वगळून थेट यंत्रावर बसण्याची केंब्रिजची जुनी रीत पुन्हा आणली, आणि २००३ पासून चालू असलेले आभासी यंत्र न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेणेही शक्य झाले. त्याच वर्षी इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून झेन हा मुक्त नियंत्रक आला. त्याने भाषांतराचा खटाटोप टाळला: पाहुणीलाच आपण पाहुणी असल्याचे सांगून टाकावे, आणि तिच्या गाभ्यात बदल करून धोकादायक आज्ञांऐवजी तिने नियंत्रकाकडे सरळ मागणी करावी. लिनक्सच्या बाबतीत हे जमण्यासारखे होते. विंडोजचा मूळ आज्ञासंच हाती नसल्याने तेथे ही वाट बंद होती.

अखेर प्रोसेसर बनवणाऱ्यांनीच दुरुस्ती केली. इंटेलने नोव्हेंबर २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरात पाहुण्या प्रणालीसाठी वेगळी अवस्था दिली, जेणेकरून निसटणाऱ्या आज्ञाही पकडता याव्यात. गंमत अशी की व्हीएमवेअरच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये तुलना केली तेव्हा अनेक कामांत त्यांचे भाषांतर या पहिल्या पिढीच्या हार्डवेअरपेक्षा सरस ठरले. दुहेरी पत्ता-रूपांतराची सोय प्रोसेसरात आल्यानंतर मात्र तो वाद संपला. हार्डवेअरचा आधार मिळाल्यामुळे नियंत्रक लिहिणे पुष्कळ सोपे झाले, आणि अवी किविती यांनी लिहिलेला केव्हीएम हा नियंत्रक फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्याचाच भाग झाला. दरम्यान ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉनने झेनच्या आधारे आभासी यंत्रे तासाला १० सेंट दराने भाड्याने देण्यास आरंभ केला होता. नॅशनल सीएसएसचा व्यवसाय जवळजवळ चार दशकांनी असा परत आला.

घरगुती वापराचा विस्तारही याच वर्षांतला. इनोटेक या जर्मन कंपनीने जानेवारी २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सची मुक्त आवृत्ती प्रसिद्ध केली आणि ती पुढे सन या कंपनीकडे व मग ओरॅकलकडे गेली. आपला विंडोज न पुसता लिनक्स शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना हे विनामूल्य साधन फार सोयीचे ठरले. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये कनेक्टिक्स कंपनीची व्हर्च्युअल पीसी ही अशीच आज्ञावली विकत घेतली होती. २००९ च्या विंडोज ७ च्या काही आवृत्त्यांसाठी तिने जुनी एक्सपी एका आभासी यंत्रात बसवून दिली, आणि २०१९ मध्ये जाहीर केलेल्या व्यवस्थेत तर लिनक्सचा खरा गाभाच विंडोजच्या आत असा चालू लागला की वापरणाऱ्याला आभासी यंत्र दिसतही नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन व स्पेक्टर हे प्रोसेसरांतील दोष उघड झाले, तेव्हा एकाच खऱ्या प्रोसेसरावर शेजारी राहणाऱ्या आभासी यंत्रांमधील भिंत आज्ञावलीच्या पातळीवर कितीही भक्कम असली, तरी खालच्या धातूतून माहिती झिरपू शकते हे सिद्ध झाले. १९७० च्या सुमारास केंब्रिजमध्ये ज्या भिंतीवर ३७० चे गुपित सोपवले गेले, तिच्याबद्दल असा प्रश्न कोणाला पडण्याचे तेव्हा कारण नव्हते.

महाराष्ट्रात या तंत्राचा एक उपयोग असा आहे की ज्याचा विचार त्याच्या निर्मात्यांनी केला नसेल. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी पुस्तके, मासिके आणि सरकारी कागद पुण्याच्या सी-डॅकच्या किंवा मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’सारख्या टंक-प्रणाल्यांत, पेजमेकरसारख्या आज्ञावल्यांतून जुळवले जात, आणि त्या फायली आजच्या विंडोजवर नीट उघडत नाहीत, अक्षरांचे संकेत प्रत्येक प्रणालीचे निराळे, आणि ते समजणाऱ्या आज्ञावल्या जुन्या विंडोजसाठीच लिहिलेल्या. एक्सपी किंवा त्याहून जुनी विंडोज आभासी यंत्रात बसवून त्या फायली मूळ रूपात उघडणे, हा अशा वेळी सर्वांत विश्वसनीय उपाय ठरतो. पण काही टंक-प्रणाल्यांसोबत चोरी टाळण्यासाठी हार्डवेअर लॉक, म्हणजे संगणकाला जोडायची एक लहान खरी डबी, मिळत असे, आणि ती नसेल तर आज्ञावली सुरूच होत नाही. डबी यूएसबीची असेल तर नियंत्रक यजमानाकडून ती काढून पाहुणीच्या हवाली करू शकतो. प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टवर बसणारी असेल तर ती जोडण्याचे छिद्रच आजच्या लॅपटॉपवर नसते, आणि मग ते पुस्तक पुन्हा जुळवावे लागते.